हॉलसाठी कारपेट घ्यायचंय: नायलॉन, पॉलिस्टर की पॉलिप्रॉपिलीन? (नागपूर)

मनीषनगरची_सून

नमस्कार मंडळी. दिवाळीआधी हॉलमध्ये कारपेट टाकायचं ठरलंय आणि त्यावरून आमच्या घरात रोज हिवाळी अधिवेशन भरून राहिलंय. म्हटलं इथे विचारावं.

घराची परिस्थिती अशी. तिसरा मजला, हॉल साधारण ११ बाय १६, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. बाल्कनी पश्चिमेला, त्यामुळे दुपारचं ऊन सोफ्यापर्यंत येतं. खिडकीत मोठा कूलर, मार्चअखेरीस लागला की पाऊस येईस्तोवर बंद होत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि जानेवारीत टाइल्स इतक्या गार पडतात की त्या दिवाणावरून पाय खाली ठेवायला तयार नसतात. मूळ मागणी त्यांचीच आहे. मुलगा नुकता चालायला लागलाय, म्हणजे दूध, वरणभात, सू सगळं खाली. आणि रविवारी नवरा व त्याचे मित्र सावजीचं पार्सल आणून टीव्हीसमोर खाली बसून जेवतात. हे बंद होणार नाही, त्यावर कृपया सल्ला देऊ नये.

गांधीबागेत आणि बर्डीवर फिरून आले. एक दुकानदार म्हणाला, "सगळं सिंथेटिकच आहे मॅडम, तुम्ही डिझाइन पहा." दुसऱ्याने पॉलिप्रॉपिलीनच्या कारपेटवर ग्लासभर पाणी ओतलं, फडक्याने टिपलं, हात लावून पाहा म्हणाला. खरंच कोरडं होतं! "याला आयुष्यात डाग लागणार नाही," असं त्याचं म्हणणं. तिसऱ्याकडे नायलॉन होतं, भाव जवळजवळ दुप्पट. पॉलिस्टरचं शॅगी, म्हणजे लांब केसांचं, मऊ लागलं, मुलगा त्यावरून उठेचना. आणि सासूबाईंना आवडलं ते "बांबू सिल्क", काय ती चमक.

सगळ्यांचे छोटे नमुने मागून आणलेत. लोकर परवडणार नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही. या सिंथेटिकांमध्ये खरंच फरक असतो का, की नुसती नावं? आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकावं की तुकडा?

---

इतवारीचा_बबन

ताई, नागपुरात कारपेट म्हणजे हौसेनं पाळलेली धूळ. दोन जाड सतरंज्या घ्या, महिन्यातून एकदा गच्चीवर झटका, विषय संपला. आमच्याकडे आजोबांच्या वेळची सतरंजी अजून आहे.

---

मनीषनगरची_सून

बबनभाऊ, सतरंजी आहे. तिचा कोपरा दुमडतो आणि सासूबाईंचा पाय त्यात अडकतो, म्हणूनच हा सगळा खटाटोप.

---

धुलाईवाली_काकू

बाई, मी सांगते नं. आधी मी कोण ते ऐका. मी आणि आमचे मिस्टर सोफे-कारपेट धुण्याचं काम करतो, मशीन गाडीवर बांधून नंदनवनापासून हिंगणा रोडपर्यंत घरोघरी जातो. विकत काहीच नाही, त्यामुळे कोणत्या धाग्याची बाजू घ्यायचं मला कारण नाही. नवीन असताना सगळेच छान दिसतात. मळल्यावर कोण कसा वागतो ते आमच्या हातांना ठाऊक.

पहिले तो पाणी ओतायचा खेळ. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीतच नाही. चहा, संत्र्याचा रस, लेकराची सू, वर राहते, टिपलं की गेलं. पण तुमच्या हॉलमध्ये रविवारी सांडणार काय? तर्री! तर्री म्हणजे तेल, आणि तेलाचं अन् पॉलिप्रॉपिलीनचं फार सख्य. तुमच्या फ्रीजमध्ये एखादा प्लास्टिकचा डबा असेलच, ज्यात एकदा मटणाचा रस्सा ठेवला आणि जो मग जन्मभर पिवळा राहिला. तो उलटा करून बुडाशी पहा. त्रिकोणात ५ आकडा दिसला तर तो पॉलिप्रॉपिलीनचाच. त्या दुकानदाराला सांगा, भाऊ, पाणी राहू दे, गरम तर्री ओतून दाखव.

आता गंमत अशी की इतकं बोलून मी तुम्हाला रविवारच्या जागेसाठी पॉलिप्रॉपिलीनच घ्यायला सांगणार आहे. कारण डाग लागणार की नाही हा प्रश्नच नाही, तुमच्या घरी लागणारच. लागल्यावर त्याला किती रगडता येते, ते पाहायचं. या धाग्याला वरून रंग चढत नाही. धागा काढतानाच वितळलेल्या मालात रंग कालवतात, म्हणून तो आरपार रंगाचा राहते. भांड्याच्या साबणाने घासा, गच्चीवर नेऊन पाइपने धुवा, रंग जात नाही. स्वस्त आहे, त्यामुळे चार-पाच वर्षांनी टाकून दिला तरी जीव तुटत नाही.

तर्री सांडली की काय करायचं तेही सांगते, कारण निम्मं नुकसान डाग काढतानाच होते. आधी चमच्याने रस्सा उचला, पुसू नका, पुसला की पसरते. मग पांढरं जुनं कापड दाबून तेल टिपा, कापडाची बाजू बदलत राहा. मग कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे थोडेसे थेंब, बाहेरून आत थोपटत यायचं. हळदीचा भाग साबण लागल्यावर लाल होईल. बायका इथे घाबरतात, आणखी काहीबाही ओततात, लिंबू काय, सोडा काय. हळद साबणाला, सोड्याला लालच होते, साध्या पाण्याने दोनदा काढलं की वापस पिवळी होते. उरलेला पिवळेपणा उन्हात ठेवायचा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. आपल्याकडे ऊन फुकट आहे.

नायलॉन. त्याचा मी मान ठेवते. सदरच्या एका जुन्या बंगल्यात दारापासून जेवणघरापर्यंत नायलॉनची पट्टी आहे, माणसांची सतत ये-जा, आणि धुऊन वाळली की लव वापस उभी राहते. लव म्हणजे दुकानदार ज्याला पाइल म्हणतात ती. फर्निचरचा खड्डा पडला तर ओलं कापड टाकून वाफ दिली की बराच भरून येते. पॉलिप्रॉपिलीनमध्ये पडलेला खड्डा म्हणजे कायमचा पत्ता. पण नायलॉन रंग धरते, आणि हळद हा रंगच आहे. त्यावर डाग न लागण्याचं औषध मारलेलं राहते, ते चांगलं असते तोवर ठीक. कडक पावडर टाकून धू-धू धुतलं की औषध जाते आणि मग हळद काढता काढता आम्ही म्हातारे होतो. जिन्यावर, ऑफिसात, क्लिनिकच्या वेटिंगमध्ये टाका नायलॉन. सावजीच्या खाली दुप्पट पैसे टाकू नका.

पॉलिस्टर दोन रूपांत येते. एक आखूड आणि दाट लवेचं, ते चांगलं. रंग सुंदर, हाताला मऊ, पाण्याच्या डागाला घाबरत नाही. दुसरं शॅगी, लांब केसांचं, जे तुमच्या लेकराला आवडलं. बाई, त्यात मी काय काय काढलंय सांगू? फल्लीदाणे, पिना, गोळ्या, कानातलं, एकदा तर दुधाचा दात. झाडू वरून फिरते, कचरा खाली बसते. धुतलं तर पावसाळ्यात लवकर वाळत नाही आणि मग कुबट वास. आणि सोफ्यासमोरचं शॅगी वर्षभरात चपटं होऊन एका बाजूला झोपते. पलंगाच्या बाजूला, जिथे अनवाणी पाय तेवढे पडतात, तिथे खुशाल टाका.

"बांबू सिल्क"ला हातही लावू नका. सासूबाईंची माफी मागते. लेबलावर व्हिस्कोस किंवा रेयॉन लिहिलेलं सापडेल बहुतेक. बांबूच्या लगद्यापासून का असेना, धागा तोच. पाणी पडलं की कमजोर होते, सुकताना पिवळी-तपकिरी कडा सोडते. आमच्याकडे कुणी फोन केला की आम्ही आधीच सांगतो, धुताना जबाबदारी तुमची.

आणि एक गोष्ट धाग्यापेक्षा मोठी. दाटपणा. कारपेटचा तुकडा लव बाहेर राहील असा बोटावर वाकवा. लवेच्या मुळाशी खालचं कापड, जाळी लगेच दिसली तर ते विरळ आहे, मग धागा नायलॉन असो का आणखी काही. मूठ दाबून पाहा, बोटं जमिनीला लागली तर ठेवून द्या. विरळ नायलॉनपेक्षा दाट पॉलिस्टर कधीही बरं. उंच लव म्हणजे भारी माल, ही आपली समजूत आहे, दुकानदार तिच्यावरच जगतात.

भिंत ते भिंत अजिबात नको. तुमच्याकडे कूलर आहे. कूलरची खिडकी म्हणजे थेंब आलेच, आणि वरचा धागा पाणी पीत नसला तरी खालची पाठ पिते. ज्यूटची पाठ असली तर तिला वास धरते, पाणी पसरलं की तपकिरी डाग वर येते. चिकटवलेलं कारपेट उचलून वाळवणार कसं? तुकडे घ्या.

---

वर्धारोड_अक्षय

काकूंच्या बांबू सिल्कला अनुमोदन. भाड्याच्या फ्लॅटमध्ये हौसेनं घेतलं होतं. कोल्ड्रिंकही नाही, नुसता पाण्याचा ग्लास कलंडला. वाळल्यावर तिथे चहा सांडल्यासारखी कडा उमटली आणि तेवढ्या भागाची लव कडक झाली. आता त्यावर टीपॉय ठेवलाय. पाहुणे विचारतात टीपॉय कोपऱ्यात का.

---

बुटीबोरी_रिटायर्ड

काकूंचा प्रतिसाद वाचून आनंद झाला. मी एलआयटीत (नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत) शिकलो आणि नोकरी धाग्यांच्या कारखान्यातच गेली, तेव्हा त्यांनी हाताने ओळखलेल्या गोष्टींची कारणं तेवढी जोडतो. दोन ठिकाणी मतभेदही आहे.

पॉलिप्रॉपिलीन हा शुद्ध हायड्रोकार्बन आहे, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन. पाण्याला धरायला त्यात जागाच नाही, आणि तेल त्याच्याच गोत्रातलं. डाग न लागणं आणि तेल धरणं ही एकाच स्वभावाची दोन टोकं आहेत. नायलॉनच्या रेणूत नायट्रोजन-ऑक्सिजन असलेले अमाइड गट असतात, ते हवेतली ओल धरतात, वजनाच्या साधारण ४ टक्के. पॉलिस्टर ०.४ टक्क्याच्या आसपास, पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ शून्य. नायलॉनची लव वाफेने उठते ती याच ओलीमुळे, आणि हळद धरते तीही याच स्वभावामुळे. काकू ज्याला औषध म्हणतात ते नायलॉनमधल्या रंग धरण्याच्या जागा आधीच अडवून ठेवतं. कडक अल्कलीने ते निघतं, हे त्यांचं अगदी बरोबर.

आता माझी हरकत. "पॉलिस्टर चपटं होतं" हे सरसकट म्हणू नये. धाग्याला पीळ किती दिला आणि तो उष्णतेने किती पक्का बसवला, यावर बरंच अवलंबून असतं. लवेची टोकं पाहा. प्रत्येक टोक पिळाने घट्ट, स्वतंत्र दिसत असेल तर तो माल टिकतो. टोकं पिंजल्यासारखी फुललेली असतील तर सोफ्यासमोर त्याचा लगदा होणार. (पॉलिस्टरबद्दल मला थोडी माया आहे हे मान्य. आमच्या बुटीबोरीतच इंडोरामाच्या कारखान्यात ते बनतं. हल्ली बरंच पॉलिस्टर पाण्याच्या बाटल्या वितळवूनही येतं, कारपेटसाठी ते चालतं.)

दुसरी हरकत उन्हाबद्दल. "आपल्याकडे ऊन फुकट आहे" खरं, पण पॉलिप्रॉपिलीनला ते फुकट पडत नाही. अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंची लांब साखळी तुटते. गच्चीवर राहिलेली प्लास्टिकची दोरी हातात भुगा होते, ती याच धाग्याची असते बऱ्याचदा. कारपेटच्या धाग्यात त्याविरुद्ध रसायन घालतात, स्वस्त मालात किती घातलं असेल देव जाणे. हळद उडवायला तासाभराचं ऊन द्या, मे महिन्यात दिवसभर गच्चीवर विसरू नका. आणि पश्चिमेच्या बाल्कनीच्या दारासमोर पॉलिस्टर ठेवा, ते काचेआडच्या उन्हाला चांगलं तोंड देतं.

एक गोष्ट कुणी बोललं नाही. आग. दिवाळी येतेय म्हणून सांगतो. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंशांवर वितळतं, नायलॉन ६ (नायलॉनचाच एक प्रकार) हे २२० च्या आसपास, पॉलिस्टर २५५ ते २६०. उदबत्तीचं जळतं टोक पडलं तर तिघांनाही भोक पडेल, पण पॉलिप्रॉपिलीनला तर जड दिवाण फरफटत नेला तरी घर्षणाच्या उष्णतेने चकचकीत ओरखडा पडतो. तो निघत नाही. दिवाण उचलून सरकवा. पणत्या आणि फुलबाज्या कोणत्याच कारपेटवर नकोत, आणि मुलगा लहान आहे तर मुळीच नकोत.

डिसेंबर-जानेवारीत आपली हवा कोरडी पडते, तेव्हा नायलॉनवर पाय घासत चालून दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. धोका काही नाही, पण सासूबाई दचकतील.

नमुने आहेत ना तुमच्याकडे? मग लेबलावर जाऊ नका, दोन परीक्षा करा.

पहिली पाण्याची. पाठीपासून वेगळे केलेले थोडे धागे घ्या, वाटीभर पाण्यात साबणाचा एक थेंब टाका म्हणजे हवेचे बुडबुडे चिकटणार नाहीत, आणि धागे बोटाने दाबून बुडवून सोडा. पाण्याची घनता १ धरली तर पॉलिप्रॉपिलीनची ०.९१, ते वर येतं. नायलॉन १.१४ आणि पॉलिस्टर १.३८, दोन्ही बुडतात.

दुसरी जाळायची. मुलगा दुसऱ्या खोलीत, पंखा बंद, स्टीलची ताटली, बाजूला पाणी, धागा चिमट्यात. पॉलिप्रॉपिलीन वितळत जळतं आणि विझवल्यावर मेणबत्तीचा वास येतो. पॉलिस्टर काळा धूर सोडतं, वास गोडसर, खाली काळा टणक मणी. नायलॉन आधी आकसतं, मग वितळतं, जळक्या हिरव्या भाजीसारखा वास, मणी फिकट तपकिरी. व्हिस्कोस कागदासारखं भुर्रकन जळतं, मणी होत नाही, राख उरते. वितळलेला थेंब बोटावर पडू देऊ नका, चिकटून भाजतो.

ट्रायेक्स्टा असा एक चौथा प्रकारही परदेशी साइटवर दिसेल. ते पॉलिस्टरचंच भावंड आहे, अमेरिकेत २००९ मध्ये त्याला वेगळं नाव मिळालं, लवचिकता चांगली. आपल्या बाजारात मी ते नावाने विकताना पाहिलेलं नाही, तेव्हा डोकं शिणवू नका.

---

मनीषनगरची_सून

काकू, सर, तुम्हा दोघांना घरी जेवायला बोलवायला हवं, पण सावजी खाली बसून.

दोन्ही परीक्षा केल्या. ऐका! पॉलिप्रॉपिलीन म्हणून दिलेला नमुना तरंगला, ठीक. शॅगी बुडालं, काळा धूर, मणी, म्हणजे पॉलिस्टर. आणि जे "नायलॉन" म्हणून दुप्पट भावात दाखवलं होतं, ते बोटाने खाली दाबलं तरी वर! मला वाटलं हवा राहिली असेल, आणखी साबण घातला, तरी वर. मग जाळलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "लाइट गेल्यावर मेणबत्ती विझवतो तसा वास येऊन राहिला." त्यांनी त्या वेळेपर्यंत वाचलेलंही नव्हतं काही.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "आमच्याकडे वरूनच तसं लिहून येते मॅडम." वर म्हणजे कुठे ते सांगितलं नाही.

बांबू सिल्क कागदासारखं जळलं आणि चिमूटभर राख राहिली. ते पाहून सासूबाईंनी स्वतःच नाव मागे घेतलं. अधिवेशन संपलं.

फ्रीजमधल्या पिवळ्या डब्याखाली ५ आकडा आहे. तीन डब्यांखाली आहे, काकू.

आता ठरलंय ते असं: टीव्हीसमोर पॉलिप्रॉपिलीनचा तुकडा, आणि सासूबाईंच्या दिवाणाजवळ आखूड लवेचं दाट पॉलिस्टर. बाल्कनीकडची बाजू मोकळी. एवढंच विचारते की मापं काय घ्यावीत, आणि दिवाणाजवळचं सरकू नये म्हणून काय करावं? टाइल्स गुळगुळीत आहेत. व्हॅक्यूम नाही आमच्याकडे, घ्यावा का?

---

इतवारीचा_बबन

नायलॉन तरंगलं ऐकून मी पण आमच्या ऑफिसच्या कारपेटचा धागा उपटून आणलाय. कुणाला सांगू नका.

---

धुलाईवाली_काकू

बाई, नायलॉनची ती गोष्ट मिस्टरांना वाचून दाखवली, फार हसले.

टीव्हीसमोरचा तुकडा ५ बाय ७ पेक्षा मोठा घेऊ नका. मोठा घेतला की तो दोघांना जिन्यावरून गच्चीवर नेता येत नाही, आणि नेता येत नाही म्हणजे धुतला जात नाही. विणलेला, चपटा घ्या, लव नसलेला किंवा अगदी आखूड. गडद, बारीक नक्षीचा. एकरंगी क्रीम कलर शोरूममध्येच शोभते. त्याखाली काही चिकटवू नका, कारण तो उचलत राहायचा आहे. रविवारी त्यावर जुनी चादर अंथरली तर उत्तमच, पण तुमचे मिस्टर अंथरतील असं वाटत नाही.

सासूबाईंचा तुकडा उलट. तो हलता कामा नये. त्याची लांबी दिवाणाच्या लांबीपेक्षा दोन्हीकडे थोडी जास्त ठेवा, म्हणजे उतरताना पाय कडेवर पडत नाही, मधोमध पडते. दिवाणाचे दोन पाय त्यावरच ठेवा, वजनाने बसते. खाली रबराची जाळी टाका, घसरू नये म्हणून मिळते ती, कात्रीने कापता येते, कारपेटपेक्षा सगळीकडून दोन बोटं आत. दुकानात मिळणाऱ्या फोमच्या जाड गादीच्या फंदात पडू नका, पाय आत जाते आणि तोल जाते. कडा चारही बाजूंनी ओव्हरलॉक करून घ्या, आणि कोपरे वर वळून राहिले असतील तर दुकानातच नाही म्हणा. एकदा कोपरा वळला की तो गुंडाळीच्या सवयीचा राहते, लवकर बसत नाही. ती जाळी उन्हाळ्यानंतर एकदा उचलून पाहा. आपल्या उष्णतेत स्वस्त रबर टाइल्सला चिकटून पिवळा छाप सोडते.

व्हॅक्यूम चपट्या तुकड्याला लागत नाही, उलटा टाकून मागून झोडपा, मातीचे कण खाली पडतील. काळी माती ओली असताना घासायची नाही, वाळू द्यायची, मग झटकायची. पॉलिस्टरच्या तुकड्याला मात्र आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम असला तर बरं, कारण मुळाशी बसलेले बारीक खडे पाय पडला की धागा कापतात. नवीन घ्यायची गरज नाही, शेजारी कुणाकडे तरी पडून असतेच, वापरत कोणीच नाही.

पोछा मारताना बाईला सांगा, फिनाइलचं पाणी कारपेटच्या कडेखाली जाऊ द्यायचं नाही. आणि कूलरच्या टाकीत बोअरचं पाणी भरत असाल तर त्याचे तुषार जिथपर्यंत येतात तिथे पांढरी खार बसते. गडद रंगावर ती लगेच दिसते. कूलर लावून एक संध्याकाळ जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ठेवा, कुठवर ओलं होते ते पाहा, आणि त्याच्या अलीकडे तुकडा टाका.

सू झाली तर लगेच टिपून साध्या पाण्याने दोनदा, गरम पाणी नाही. वास राहिला तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर. आधी मागच्या कोपऱ्यावर लावून पाहा.

नमुने वापस देताना त्या तिसऱ्या दुकानातून काही घेऊ नका.